डीएनएच्या सुरगाठी आणि निरगाठी

साताऱ्यात आमच्या कॉलेजच्या जिन्याशेजारची भिंत दरवर्षी विज्ञान दिनाच्या आधी रंगवली जाते. यंदाचा विषय होता डीएनए. सकाळचं प्रॅक्टिकल उरकून मी खाली आले, तोवर पेंटरकाकांची आठ फुटी पिळदार शिडी निळ्या-केशरी रंगात तयार होती आणि ते पायरीवर बसून चहा पीत होते. चित्र देखणं होतं. फक्त पीळ उलटा होता.

"काका, हा पीळ डावा झालाय. उजवा पाहिजे."

त्यांनी मान तिरकी करून पाहिलं. "मॅडम, पीळ त्यो पीळच की. हिकडनं काय आन् तिकडनं काय."

ही चूक काही त्यांच्या एकट्याची नाही. पुस्तकांची मुखपृष्ठं, पोस्टरं, जाहिराती, सगळीकडे उलट्या पिळाचा डीएनए सापडतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. शिडी उभी धरायची आणि आपल्या बाजूला दिसणारा धागा बघायचा. खालून वर जाताना तो डावीकडून उजवीकडे चढत असेल तर पीळ उजवा. साध्या स्क्रूचे आटे असेच चढतात. आपल्या पेशींतला डीएनए बहुतेक वेळा असाच असतो.

"बहुतेक वेळा" हे दोन शब्द मी काकांसमोर गिळले. ते उच्चारले असते तर वाद तिथंच हरले असते. कारण डाव्या पिळाचा डीएनए खरोखर असतो. तीन पदरी असतो, चार पदरी असतो, अधिकच्या चिन्हासारखा चार बाजूंना फाटलेलाही असतो. पाठ्यपुस्तकात त्यांना फार तर एखादी ओळ मिळते, आणि ती आम्ही शिक्षक "परीक्षेला नाही" म्हणून ओलांडून जातो.

आधी नेहमीचा डीएनए पटकन बघू. रोझलिंड फ्रँकलिन आणि त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग यांनी १९५२ मध्ये टिपलेलं क्ष-किरणांचं छायाचित्र आणि १९५३ मधली वॉटसन-क्रिक यांची रचना, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. ए, टी, जी, सी अशी चार अक्षरं. एका धाग्यावरचा ए समोरच्या टीला धरतो, जी सीला धरतो. साधारण साडेदहा जोड्यांमागे शिडी एक फेरा पूर्ण करते. जाडी दोन नॅनोमीटर. आणि एका पेशीतला सगळा डीएनए सरळ ताणला तर भरेल दोन मीटर, म्हणजे माझ्यापेक्षा उंच. तो राहतो मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात.

इतकी लांब पिळलेली वस्तू इतक्या लहान जागेत ठेवली की काय होतं, हे मला पुस्तकाआधी दोरीनं शिकवलं. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. बेंदूर जवळ आला की आजोबा सोप्यात बसून बैलांसाठी नवे कासरे वळायचे. घायपाताचा वाख भिजवलेला, एक टोक खुंटीला अडकवलेलं, दुसरं टोक माझ्या हातातल्या लाकडी फिरकीला. मी फिरकी फिरवत राहायची आणि ते ओरडायचे, "ताण सोडू नगंस!" कारण ताण जरासा ढिला पडला की पिळलेली दोरी मधेच उसळी मारायची आणि स्वतःभोवतीच वळून बोटासारखी उभी राहायची. बाहेरून कुणी काही केलेलं नसायचं. आतला पीळच वाट शोधायचा.

घरी हे करून बघता येतं. दोन पदरी सुतळीचा हातभर तुकडा घ्या, एक टोक दाराच्या कडीला घट्ट बांधा, दोन पदरांच्या मधे पेन्सिल घाला आणि कडीच्या दिशेनं सरकवत न्या. पेन्सिलीच्या पुढे पीळ दाटत जातो, मागे पदर ढिले पडतात. थोड्या वेळानं पेन्सिल पुढे जायचं नाव घेत नाही. पेशीत जनुक वाचणारं एन्झाइम ही पेन्सिल असतं. ते दोन धागे उकलत पुढे जातं, त्याच्या पुढे पीळ जास्त होतो आणि मागे कमी पडतो. हा ताण काढायला पेशीकडे टोपोआयसोमरेज नावाची एन्झाइम आहेत. ती धागा कापतात, पीळ सोडतात आणि परत सांधतात. आपण घेतो त्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळीचा नेम जीवाणूंच्या याच एन्झाइमांवर असतो. त्यांच्या डीएनएचा पीळ सुटेनासा होतो आणि ते मरतात.

पण टोपोआयसोमरेज येईपर्यंत मधला काही काळ ताण तसाच राहतो. पीळ कमी पडलेल्या त्या तुकड्यात धागे सुटायला उत्सुक असतात. तिथे अक्षरांचा क्रम सोयीचा असला, की डीएनए आजोबांच्या दोरीसारखा भलत्याच रूपात उभा राहतो. कोणतं रूप, हे तो क्रम ठरवतो.

सी-जी-सी-जी-सी-जी असा एकाआड एक क्रम असेल तर पीळ सरळ उलटतो. जर्मनीत पोल आणि जोविन या दोघांनी १९७२ मध्ये असा डीएनए खूप मिठाच्या पाण्यात ठेवला, तेव्हा प्रकाशाच्या चाचणीत त्याचा आलेख पालथा झाला. याचा नेमका अर्थ तेव्हा लागला नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत एमआयटीत अलेक्झांडर रिच यांच्या गटानं सहा अक्षरांच्या अशा तुकड्याचा स्फटिक करून पाहिला. गंमत बघा, तोवर डीएनएची रचना धाग्यांच्या धूसर छायाचित्रांवरून मांडलेली होती. डीएनएच्या दुहेरी पिळातला एकेक अणू वेगळा दिसेल इतकी स्वच्छ नजर पहिल्यांदाच मिळाली, आणि जे दिसलं ते डाव्या पिळाचं निघालं! फेऱ्याला बारा जोड्या, आणि कणा गुळगुळीत न चढता नागमोडी, झिगझॅग जाणारा. म्हणून नाव पडलं झेड-डीएनए.

पुढची कित्येक वर्षं अनेक शास्त्रज्ञ त्याला मिठाच्या पाण्यातली करामत समजत राहिले. चित्र पालटलं १९९० च्या दशकात. एडीएआर-१ नावाच्या प्रथिनाचा एक भाग फक्त हाच डावा आकार पकडतो, हे तेव्हा कळलं. तो अक्षरं वाचत नाही, आकार चाचपतो. पुढे झेडबीपी-१ हे तसंच दुसरं प्रथिन सापडलं. ते पेशीतलं राखणदार आहे. विषाणू शिरला की डाव्या पिळाचा आरएनए, म्हणजे डीएनएच्या जवळच्या नात्यातला रेणू, तयार होऊ शकतो. तो हाताला लागला की हे प्रथिन पेशीला मरायला लावतं, म्हणजे संसर्ग तिथंच थांबतो. मग आपल्याच आरएनएला असा पीळ पडला तर? तिथे एडीएआर-१ मधे पडून तो मोडतं. एडीएआर-१ च्या या पकडीत वारशानं दोष आला तर प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आरएनएला विषाणू समजून सतत पेटलेली राहू शकते. लहान मुलांच्या मेंदूला इजा करणाऱ्या एकार्डी-गुटिएर या दुर्मीळ आजाराचं हे एक कारण आहे. पीळ इकडून की तिकडून, यावर इतकं अवलंबून असतं.

दुसरं रूप समजायला आपलं "रामाला भाला मारा" उपयोगी पडतं. उलट वाचा, सुलट वाचा, तेच. डीएनएचा उलटसुलटपणा थोडा वेगळा आहे. जी-ए-ए-टी-टी-सी घ्या. समोरच्या धाग्यावर सी-टी-टी-ए-ए-जी येणार. पण ते दोन धागे विरुद्ध दिशांनी वाचायचे असतात, त्यामुळे समोरचा धागा त्याच्या दिशेनं वाचला की पुन्हा जी-ए-ए-टी-टी-सी. असा क्रम बराच लांब असेल, तर धाग्याला जोडीदारासाठी समोर बघायची गरजच उरत नाही. तो स्वतःवर दुमडून स्वतःशीच जोडी लावतो आणि केसातल्या आकड्यासारखा दिसतो. दोन्ही धाग्यांनी असं केलं की अधिकचं चिन्ह तयार होतं. आपल्या ११ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांवर असे लांब उलटसुलट पट्टे आहेत. काही माणसांत ती दोन्ही तिथे तुटून एकमेकांचे तुकडे अदलाबदल करतात, आणि असंबंधित कुटुंबांत पुन्हा पुन्हा हीच अदलाबदल सापडते. अशा माणसाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, मुलाबाळांत मात्र गुणसूत्रांचा हिशेब चुकू शकतो.

आता माझं लाडकं रूप. यावर मी जरा जास्त बोलणार.

जी या अक्षराचं पूर्ण नाव ग्वानिन. ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं पक्ष्यांच्या विष्ठेतून. माशाच्या खवल्यांची चांदीसारखी झाक येते तीही ग्वानिनच्या स्फटिकांमुळे. १९१० मध्ये इव्हार बांग या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की ग्वानिनपासून बनलेल्या आम्लाचं दाट द्रावण गार पिठल्यासारखं थलथलीत घट्ट होतं. बाकीच्या अक्षरांचं होत नाही. का होतं याचं उत्तर मिळायला १९६२ उजाडलं.

पंचमीला आम्ही मुली फुगडी खेळायचो. दोघींची फुगडी म्हणजे जी-सी किंवा ए-टी ही नेहमीची जोडी. पण जीला आणखी एक मोकळी कड असते, या जोडीत ती वापरलीच जात नाही. त्यामुळे चार जी एकत्र आले की प्रत्येक जण एका कडेनं शेजारणीचा आणि दुसऱ्या कडेनं पलीकडचीचा हात धरतो. चौघींचा सपाट फेर तयार होतो. असे दोन-तीन फेर एकावर एक रचले की झाला जी-क्वाड्रुप्लेक्स, म्हणजे चार पदरी डीएनए. त्यासाठी चार वेगळे धागे लागतात असं नाही. एकाच धाग्यावर थोड्याथोड्या अंतरावर तीन-तीन जींचे चार गट असले, की धागा मागे-पुढे दुमडून स्वतःच चौकोन पूर्ण करतो.

या फेरांच्या मधोमध एक पोकळी राहते आणि तिच्याभोवती ऑक्सिजनचे ऋणभार गर्दी करतात. ते एकमेकांना ढकलणार, फेर मोडणार. म्हणून दोन फेरांच्या मधे पोटॅशियमचा आयन बसतो, वरचे चार आणि खालचे चार असे आठ ऑक्सिजन एकटा सांभाळतो. हे पोटॅशियम म्हणजे आपण उसाला टाकतो त्या पोटॅशमधलंच. मिठातलं सोडियमही काम भागवतं, पण इतकं नेटानं नाही. मोबाईलच्या बॅटरीतलं लिथियम तर जवळपास निरुपयोगी. पेशीत पोटॅशियम मुबलक असतं, म्हणजे अशा घडीसाठी सामान आधीपासून तयारच.

मग पेशीत ही घडी असते कुठे? पहिली जागा म्हणजे गुणसूत्रांची टोकं, टेलोमिअर. माणसात तिथे टी-टी-ए-जी-जी-जी ही सहा अक्षरं हजारो वेळा येतात, आणि शेवटचा थोडा भाग एकेरी धाग्याचा असतो. समोर जोडीदार नाही, जी भरपूर: घडी पडायला याहून चांगली जागा कोणती! टेलोमिअर कसे टिकतात आणि टेलोमरेज हे एन्झाइम ते कसं वाढवतं, या शोधांसाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं. टोकाची घडी पडलेली असली की टेलोमरेजला ते सहजी धरता येत नाही. बहुतेक कर्करोगाच्या पेशी अमर राहायला हेच एन्झाइम वापरतात, त्यामुळे घडी उघडूच न देणारं औषध शोधण्याची धडपड सुरू झाली.

दुसरी जागा जनुकांच्या सुरुवातीला, जिथून वाचन सुरू होतं तिथे. एमवायसी हे जनुक अनेक कर्करोगांत बेलगाम होतं. २००२ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स हर्ली यांच्या गटानं दाखवलं, की त्याच्या तोंडाशी अशी घडी पडू शकते आणि एका रेणूनं ती घट्ट केली की जनुकाचं काम मंदावतं. लगेच सगळीकडे "जनुकाचा स्विच सापडला" झालं.

खरं तर तोवर या घड्या माणसाच्या पेशीच्या आत दिसल्याही नव्हत्या, होतं ते बरंचसं परीक्षानळीतलं. २०१३ मध्ये केंब्रिजच्या शंकर बालसुब्रमण्यन यांच्या गटानं फक्त चार पदरी आकाराला चिकटणारं प्रतिपिंड वापरून माणसाच्या पेशींतले ठिपके चमकवून दाखवले. हे बालसुब्रमण्यन मूळचे चेन्नईचे. पेशी डीएनएची नक्कल करत असते तेव्हा ठिपके वाढत होते. २०१५ मध्ये त्यांच्याच गटानं पेशीबाहेर काढलेल्या मानवी डीएनएत घडी पडू शकेल अशा सात लाखांहून अधिक जागा मोजल्या. पुढच्या वर्षी पेशीतल्या गुंडाळलेल्या डीएनएत मोजलं तर सापडल्या साधारण दहा हजार. त्याही बहुतेक चालू असलेल्या जनुकांच्या तोंडाशी. म्हणजे जिथे घडी "बंद" चा खटका असायला हवी होती, तिथे जनुक व्यवस्थित सुरू होतं. मला विचाराल तर "स्विच" हा शब्द घाईनं वापरला गेला. घडीमुळे जनुक चालतं, की जनुक चालतं म्हणून धागे उघडे राहतात आणि घडी पडते, हे प्रत्येक जनुकाला वेगळं विचारावं लागतं.

ज्यात मला शंकाच उरत नाही असं उदाहरण एका जीवाणूचं आहे. परम्याचा, म्हणजे गनोरियाचा जीवाणू अंगावरच्या केसांसारख्या तंतूंचं रूप सारखं बदलत राहतो, म्हणून आपली प्रतिकारशक्ती त्याला ओळखू शकत नाही. २००९ मध्ये कळलं की या वेषांतरासाठी एका जनुकाशेजारची जी-क्वाड्रुप्लेक्स घडी लागतेच. त्यातला मोक्याचा एकेक जी बदलून पाहिला. घडी मोडली आणि वेषांतर बंद पडलं.

जींच्या समोरच्या धाग्यावर सी असतात. तेही गप्प बसत नाहीत. थोड्या आम्लात ते आपसांत गुंफून आय-मोटिफ नावाची घडी करतात. १९९३ पासून ती नळीत माहीत होती, पेशीत आम्ल कुठून येणार म्हणून कुणी फार मनावर घेत नव्हतं. २०१८ मध्ये सिडनीच्या गार्वन संस्थेनं ती माणसाच्या पेशींत दाखवली. उगवत्या-मावळत्या ठिपक्यांसारखी.

आजोबा दोन गाठी शिकवायचे. सुरगाठ, जी एक टोक ओढलं की सुटते, आणि निरगाठ, जी ओढावी तशी आवळत जाते. बैल खुंट्याला बांधायचा तो सुरगाठीनं, रात्री आग लागली तर एका हिसक्यात सुटला पाहिजे. पेशीला हव्या असतात त्या सुरगाठी. त्या सोडवणारी हेलिकेज नावाची एन्झाइम तिच्याकडे डझनावारी आहेत. त्यांतल्या डब्ल्यूआरएनमध्ये बिघाड झाला तर वर्नर सिंड्रोम होतो आणि माणूस तिशी-चाळिशीतच पिकल्या केसांचा, मोतीबिंदूचा होतो. बीएलएममध्ये झाला तर ब्लूम सिंड्रोम, ज्यात कर्करोग लवकर गाठतो. या दोघांना इतरही कामं आहेत, पण चार पदरी घडी उलगडणं हे त्यांतलं एक. एका सूक्ष्म कृमीत असंच एक एन्झाइम काढून टाकलं तर त्याच्या डीएनएतून जींच्या रांगाच गळून जायला लागल्या. नक्कल करणारं यंत्र गाठीशी अडलं, आणि गाठीसकट तुकडा गेला.

उलटही होतं, तुकडा वाढतो. भजनात ध्रुपद पुन्हा पुन्हा येतं तेव्हा किती वेळा झालं ते विसरतं, तसं तेच तेच तीन अक्षर शेकडो वेळा आलं की नक्कल करताना धागा घसरतो. घसरलेला भाग आकड्यासारखा दुमडून राहिला की ती चूक दुरुस्त करणाऱ्यांच्या नजरेतून सुटते, कधी दुरुस्त करतानाच आणखी वाढते. हंटिंग्टन रोगात सी-ए-जी हा त्रिकूट चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा असतो. निरोगी माणसात सव्वीसपर्यंत. खरी इजा लांबलेल्या प्रथिनामुळे होते, पण लांबण्याच्या मुळाशी धाग्याचा हा दुमडलेला आकडा असतो. फ्रीडरिख अटॅक्सिया या आजारात जी-ए-ए ची रांग वाढते. तिथे तिसरा पदर दुहेरी पिळाच्या खाचेत येऊन बसतो आणि जनुक वाचणारं यंत्र त्या तीन पदरी भागात अडखळतं. फ्रॅजाइल एक्स या आजारात सी-जी-जी दोनशेच्या पुढे गेला की पेशी ते जनुकच कायमचं झाकून टाकते.

आणि कर्करोगाची औषधं शोधणारे नेमका याचाच फायदा घ्यायला बघतात. कर्करोगाच्या ज्या पेशींत डीएनए दुरुस्तीचं बीआरसीए जनुक आधीच निकामी आहे, त्यांच्यात जी-क्वाड्रुप्लेक्स घट्ट करून ठेवायचं, म्हणजे सुरगाठीची निरगाठ करायची. निरोगी पेशी कशीबशी निभावते, ती पेशी नाही. सीएक्स-५४६१ नावाच्या अशा एका रेणूच्या चाचण्या रुग्णांवर झाल्या आहेत. दुकानात मिळणारं औषध अजून यातून आलेलं नाही.

भिंतीचं राहिलंच. काकांनी कुरकुर करत पीळ उजवा करून दिला, पण वरचा फूटभर उरला आणि निळा रंग संपला. मी म्हटलं, तेवढा डावाच राहू दे, फक्त शेजारी सी-जी-सी-जी लिहा. २००५ मध्ये उजव्या आणि डाव्या पिळाच्या सांध्याचा स्फटिक पाहिला गेला, तेव्हा कळलं की पीळ फिरतो त्या जागेवरची एक जोडी तुटून तिची दोन्ही अक्षरं बाहेर लोंबतात. म्हणून सांध्यावर दोन लहान खुंट्याही काढायला सांगितल्या, एक इकडे, एक तिकडे.

"ह्या कशाला?" काकांनी विचारलं.

"पीळ बदलताना तिथली जोडी सुटते."

ते जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मग आधीचं तरी काय चुकलं हुतं, मॅडम?" बिलात त्यांनी वरचा फूट धरला नाही, खुंट्यांचे मात्र वेगळे लावले.